सोनपेठची येळवस आणि ताण दिलेली ज्वारी

खरं सांगायचं तर मी भज्जी खायला गेले. माझी भाची मुक्ता परभणीत राहून ज्वारीवर पीएचडी करते. "मावशी, वेळ अमावस्येला ये, सोनपेठजवळ शेतात जेवायचं आमंत्रण आहे," असं ती फोनवर म्हणाली आणि मग हळूच तिने पुढे जोडलं, "सकाळी थोडं काम आहे, दोन हात कमी पडतायत." मुक्ताचं 'थोडं' कसं असतं ते लहानपणापासून बघत असूनही मी फसले. मी चिंचवडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. झाडांना पळून जाता येत नाही, म्हणून ती आतल्या आत बदलून संकटाला तोंड देतात, हे मी वीस वर्षं शिकवत आलेय आणि तसं करताना एकही झाड कधी पाहिलेलं नाही, याची मला त्या फोनवर लाज वाटली. रजा टाकली आणि पुण्याहून रात्रीची गाडी पकडली.

परभणीला सकाळी उतरलात तर स्टेशनबाहेर गरम सुशीला मिळतो का ते आधी बघा. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा प्रकार पोह्यांपेक्षा हलका आणि मिरचीच्या बाबतीत जास्त प्रामाणिक असतो. दुसरी प्लेट संपेपर्यंत मुक्ता भाड्याची जीप घेऊन आली. एरवी सोनपेठला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, पण आमच्याबरोबर द्रव नायट्रोजनचं गलेलठ्ठ भांडं होतं. जीप मात्र आठवडाभर आधी ठरवा. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी ड्रायव्हरलाही स्वतःच्या शेतात जेवायचं असतं. आमच्या ड्रायव्हरने आज सोडतो, उद्या चारला न्यायला येतो, अशी अट घातली आणि त्या अटीत काडीचाही बदल होणार नाही हे वाटेत तीनदा सांगितलं.

पोखर्णी, गोदावरीचा पूल, गंगाखेड आणि पुढे सोनपेठ. रस्ता बराच बरा आहे, मधले काही तुकडे सोडून. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, शेवटच्या वेचणीचा कापूस आणि काटेरी करडई. गोदावरी ओलांडल्यावर मुक्ता खरं काय ते बोलली. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. गेल्या रब्बीत ऐन वेळी अवकाळी पाऊस आला आणि तहानेचा प्रयोगच भिजून गेला. उद्या पानं गोळा झाली तर प्रबंध होईल, नाही झाली तर तिसरा हंगाम कुणी देणार नव्हतं.

"म्हणजे उद्याची एक सकाळ," मी म्हणाले.

"उद्याचे दोन तास," ती म्हणाली.

शेत शिवलिंगअप्पांचं. अप्पा साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. त्यांनी "शरणार्थी" असा लिंगायत नमस्कार करत हात जोडले आणि लगेच भांड्याकडे बघून विचारलं, "कोन्त्या म्हशीसाठी हाय?" गावात असलं भांडं घेऊन येतो तो जनावरांचा डॉक्टर, वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या घेऊन. मुक्ताने सांगितलं की यात ज्वारीची पानं गोठवायची आहेत. अप्पांनी मान डोलावली, पण म्हशीवाली गोष्ट त्यांना जास्त पटण्यासारखी वाटली असावी.

मग आम्ही ज्वारी पाहायला गेलो. सहा वाफे, एकाच दिवशी पेरलेले. तीन वाफ्यांना वेळच्या वेळी पाणी दिलेलं, तीन वाफे तीन आठवडे कोरडे. कणीस पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या फुगलेल्या वेष्टनातून, बाहेर पडायच्या बेतात होतं. पाणी मिळालेली पानं रुंद आणि पसरलेली, तर कोरड्या वाफ्यातल्या पानांनी स्वतःची सुरळी करून घेतलेली. काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. बांधावर बसून मुक्ताने मला समजावलं. माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याच्या सांगण्यावरून पानाची सूक्ष्म तोंडं मिटतात, म्हणजे आतली वाफ बाहेर जात नाही. पेशीच्या केंद्रकात जनुकांचा मोठा साठा असतो. त्यातली एरवी बंद असलेली काही जनुकं आता उघडतात आणि त्यांच्या नकला, म्हणजे आरएनए, तयार होतात. त्या नकलांवरून नवी प्रथिनं बनतात आणि ती कोरड पडलेल्या पेशीला सांभाळतात.

"पान तोडल्याचंही त्याला कळतं," मुक्ता म्हणाली. "मिनिटभरात नकला बदलायला लागतात. म्हणून तोडलं की लगेच नायट्रोजनमध्ये."

अप्पांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, मागे उभी राहून ऐकत होती. ती सुरळी झालेल्या पानांवरून हात फिरवून एवढंच म्हणाली, "तुमी मोजा बाई. पर बघवत न्हाई."

येळवशीच्या सकाळी आम्ही नऊ वाजता शेतात पोचलो. आक्का पहाटेच पुढे आली होती. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले, शेजारी आंबिलीचं मडकं. मुक्ता डबे घेऊन कोरड्या वाफ्यांकडे गेली आणि तिथेच खाली बसली. पहिल्या वाफ्याच्या कडेला माती ओली होती. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्याही.

मग मुक्ताने विचारलं, "आक्का, पाणी कुणी दिलं?"

"म्या दिलं," आक्का लपवाछपवी न करता म्हणाली. "येळवशीला रानातल्या लक्षुमीला तहानलेलं ठिवून आमी जेवावं कसं? घास उतरंल का नरड्याखाली?"

"आक्का, माझं वर्ष गेलं."

हातातली कळशी आक्काने खाली ठेवली. तिला वाईट वाटलं होतं आणि तरी आपलं चुकलं असं तिला वाटत नव्हतं, हे दोन्ही मला स्पष्ट दिसत होतं. मला तिचा राग आला आणि तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं हेही कळलं, त्यामुळे कुणावर चिडावं ते समजेना.

अप्पा वाफ्याजवळ येऊन उकिडवे बसले. "मोसंबीला आमी बी ताण देताव की," ते सावकाश म्हणाले. "पानी तोडताव, पानं गळू देताव. पर खरी गंमत ताण तोडल्यावर असती. पानी पडलं की झाड कसं वागतंय, तितं समदं कळतं. तुज्या वहीत ते न्हाई का?"

मुक्ताने मान वर केली. ते तिच्या वहीत नव्हतं. तहान कशी सुरू होते ते तिने मांडलं होतं, तहान भागल्यावर काय होतं ते नंतर कधीतरी, असं ठेवलेलं.

"आक्का, कुठं कुठं ओतलं? नीट सांग," ती उठत म्हणाली.

"उगवतीकडच्या वळीला. तिनी वाफ्यांत एकएक वळ. मधी घुसले तर कणसं मोडतील म्हून कडंलाच. आन् एका वाफ्याला दिऊन दुसऱ्याला कामून द्यायचं न्हाई? तिघींलाबी सारखं, बुडाशी एकएक तांब्या."

"किती वाजता?"

"घड्याळ न्हाई बघितलं. दिस नुकता वर आलता, कोपीच्या टोकावर ऊन पडलतं."

मुक्ताने बोट घालून माती तपासली, मग दोन ओळी सोडून पुन्हा. आत कोरडी खडखडीत होती. कडेच्या ओळी ती तशीही धरणार नव्हती, कारण कडेची झाडं आतल्यांसारखी वाढत नाहीत, म्हणजे मूळ प्रयोग वाचला होता. पण मावळतीकडेही तशीच कडेची ओळ होती आणि तिला थेंबही मिळालेला नव्हता. तिघींना सारखं वाटण्याच्या आक्काच्या हिशेबामुळे तिन्ही वाफ्यांत पाणी प्यालेली एक ओळ आणि न प्यालेली एक ओळ समोरासमोर उभी होती. मुक्ताने बांधावर चढून रेंज शोधली आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो मॅडम. नाही, मी नाही, आक्कांनी. हो, तसंच लिहिते, जसं झालं तसं."

पण एक नवीच घाई उपटली. दुपारी पूजा झाली की घरातले सगळे पिकाभोवती आंबील शिंपत फिरणार होते, आणि ताकात कालवलेल्या पिठाचे थेंब पानांवर पडले की आमचं काम संपलं. वाफे वगळा असं म्हणायची मुक्ताची हिंमत नव्हती आणि माझी तर अजिबातच नव्हती. आक्काच म्हणाली, "तुजं होस्तोर पूजा थांबिवते. पाव्हणे कुरकुर करतील, करू दे."

मग आम्ही राबलो. मी छिद्र पाडायच्या यंत्राने पानाच्या चकत्या पाडायच्या, मुक्ताने त्या नळीत घालून भांड्यात सोडायच्या, आणि प्रत्येक नळीवर ओळ आणि वेळ टाकायची आक्काच्या शाळकरी नातीने. आधी सहाही वाफ्यांतल्या आतल्या ओळी, मग कोरड्या वाफ्यांच्या दोन्ही कडा, तासाभराने पुन्हा दोन्ही कडा. माझी पहिली चकती हातातून निसटून भेगेत गेली. भाचीने माझ्याकडे असं बघितलं की नववीच्या वर्गाकडे बघायची माझी नजर मला आठवली. अकरा वाजता उगवतीकडच्या पानांच्या सुरळ्या थोड्या सैल झाल्यासारख्या मला वाटल्या. उन्हामुळे तसं दिसत असेल, असं मुक्ता म्हणाली, तरी तिने ते टिपून घेतलं.

शेवटची नळी भांड्यात गेली तेव्हा पाहुणे खरोखर कुरकुरत होते. मग पूजा झाली, आणि कानडीतून आलेला एक घोष करत, ज्याचा अर्थ तिथल्या कुणालाच मला नीट सांगता आला नाही, सगळे शिंपत निघाले. आक्काने पाणी न मिळालेल्या ओळींवर जरा जास्तच आंबील उडवली. मुक्ता हसत होती, डोळे पुसत होती.

जेवणाबद्दल एवढंच लिहिते की उपाशी जा. भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, कांद्याची पात, चिंच आणि बेसन असं काय काय एकत्र शिजलेलं असतं. बरोबर बाजरीचे उकडलेले गोल उंडे, आंबट भात, गव्हाची खीर. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून वाढतात, तेव्हा आमंत्रण नाही म्हणून अडून बसू नका. उंड्यावर कच्चं तेल घ्या. आंबील मात्र बेताने, ती पोटात गेल्यावर झोप आणते आणि चार वाजता जीप खरोखर येते.

पुण्याला परतल्यावर दोन महिने माझं लक्ष फोनकडे होतं. वर्गात पर्णरंध्रं शिकवताना मी फळ्यावर आकृती काढायचं सोडून सोनपेठचं सांगत बसले आणि तास संपला. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालताना हात थांबू लागला, आता हिच्या आत काय काय मिटत-उघडत असेल असं वाटून.

मार्चच्या सुरुवातीला मुक्ताचा फोन आला. नळ्यांतला आरएनए शाबूत निघाला होता. आतल्या कोरड्या ओळींत तहानेची जनुकं जोरात चालू होती, तिला हवी होती तशीच. आणि पाणी प्यालेल्या ओळीत, तिन्ही वाफ्यांत, तीच जनुकं अवघ्या काही तासांत बरीचशी शांत झाली होती. कडेच्या ओळी आहेत, झाडं थोडी आहेत, म्हणून यावरून फार मोठं बोलता येणार नाही, हे तिने मला बजावलं. पण ताण तोडल्यावर काय होतं हे मुद्दाम, नीट आखून बघायला तिला आणखी एक रब्बी मंजूर झाली होती.

"आक्काला सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझ्याआधी. म्हटलं, आक्का, तू पाजलंस ते ज्वारीला लगेच कळलं. तर म्हणाली, 'कळलं ना? मंग औंदा ताण कवा तोडायचा, ते मी सांगीन. तू घड्याळ घिऊन ये.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. मॅडमना पाठवलेल्या आराखड्यात पाणी कोण देणार याचा रकाना आहे. तिथं तिचं नाव लिहून टाकलंय."