लसणाच्या वासाची बत्ती

माणिकबाई लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हा मोर्णेच्या काठी सासरचा भाजीचा मळा होता आणि मळ्याला लागूनच कवेलूचं दोन खोल्यांचं घर. इंग्रजी अंमल होता, कारभार नागपुरातून चाले, पण मळ्यात त्याची खबर नव्हती. वांगी, मेथी, लसूण, बांधानं झेंडू. दिवसभर खपायचं आणि ऊन कललं की टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा.

नवरा शालिकराम बोलायला कमी, हौसेला भारी. एकदा झेंडू घेऊन अमरावतीला गेला आणि येताना एका सायकलवाल्याच्या दुकानातून पितळी बत्ती घेऊन आला.

"हे काय आनलं रे?" त्याची आई दुर्गाबाई दारातूनच म्हणाली.

"गॅसबत्ती हाय माय. तेल लागत नाही याले. दगड अन् पानी."

"दगड जळते? बाप्पा! भुताचं काम हाय हे."

खालच्या डबीत कार्बाइडचे राखाडी खडे, वरच्या भांड्यात पाणी. पेच जरासा फिरवला की खड्यांवर थेंब पडे, आत फसफसे आणि बारक्या नळीच्या तोंडाशी काडी धरली की पांढरीशुभ्र ज्योत उभी राही. बाजारात रॉकेलच्या चिमण्यांच्या पिवळट उजेडात माणिकबाईची वांगी तेवढी लखलखायची. गिऱ्हाईक आधी तिच्याकडेच वळे.

दुकानदारानं शालिकरामला बजावून सांगितलं होतं. खड्यांचा डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवं. बत्ती भरताना जवळ विस्तव नको. आणि बंद घरात लसणासारखा वास आला, तर काडी म्हणून ओढायची नाही. कवाडं उघडायची आणि बाहेर पडायचं.

माणिकबाई ऐकून हसली होती. "आपल्या घरात तं बारा महिने लसूनच वास मारते. समजन कसं?"

आतल्या खोलीत फळीला लसणाच्या माळा टांगलेल्या आणि त्याच फळीवर खड्यांचा डबा.

पुढे भादव्यात झड लागली. पाऊस थांबायचं नाव घेईना. लसूण नासेल म्हणून माणिकबाईनं एके दिवशी सगळ्या माळा उतरवल्या आणि सकाळीच बाजारात नेल्या. शालिकरामनं बत्ती भरायला घाईघाईत डब्यातून खडे काढले, झाकण नुसतं वर टेकवलं आणि तो मळ्यातलं पाणी काढायला गेला. फळीच्या वरचं एक कवेलू सरकलेलं होतं. थेंब नेमका डब्यावर गळत राहिला. दुर्गाबाईला सर्दी झालेली. गार वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून ती बाहेरच्या खोलीत पडली होती. चूल मागच्या छपरात, ती अजून पेटायची होती.

दिवेलागणीला माणिकबाई परतली. दार ढकलताच ओळखीचा वास आला. घरी पोचल्याचं बरं वाटलं, आणि लगेच पाय उंबऱ्यावरच थबकला. लसूण तर सगळा विकून आलो आपण!

समोर दुर्गाबाई देवापुढं बसली होती. हातात काडेपेटी.

"आत्याबाई, काडी ओढू नका!"

"काहून वं? तिनसांज झाली. देवाले दिवा नको?"

"गॅस भरला घरात. वास येऊन राहिला."

"लसनाचा वास हाय तो. जल्माचा हाय."

"लसून सारा इकून आली मी!"

दुर्गाबाईनं काडी काढलीच. मग माणिकबाईनं टोपली टाकली, झडप घालून पेटी उडवली आणि सासूला मागून कवेत घेऊन सरळ उचललं. म्हातारी पऱ्हाटीसारखी वाळकी, पण दात शाबूत. ती सुनेच्या हाताला कडकडून चावली. माणिकबाईनं सोडलं नाही. अंगणात नेऊन ठेवलं, दोन्हीकडची कवाडं सताड उघडली आणि स्वतःही बाहेर आली.

"पाहा हो पाहा, सुनेनं सासूले घराबाहेर काढलं!"

ओरडा ऐकून शेजारचे नत्थुजी आले, तोंडात बिडी.

"नत्थुभाऊ, तिथंच थांबा! बिडी इझवा आधी!"

नत्थुजींनी काही न विचारता बिडी डबक्यात टाकली.

वारा घरातून आरपार वाहून वास जाईपर्यंत सगळे नत्थुजींच्या ओसरीत बसले. नंतर शालिकराम आला आणि अंधारात चाचपडत डबा बाहेर घेऊन आला. आत पांढरा रबडा झालेला, डबा हाताला गरम लागत होता.

त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लागला नाही. दुर्गाबाई नवरी होऊन आली तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं. तिनं सुनेशी बोलणं टाकलं. माणिकबाईनं वाढलेलं जेवायची, पण भिंतीकडं बघून.

झड उघडल्यावर शालिकराम आईला मळ्याच्या टोकाला घेऊन गेला. तिला लांब उभं केलं. भोक पाडलेल्या जुन्या डब्याखाली एक खडा ठेवला, पाणी शिंपडलं आणि लांब वेळूच्या टोकाला बांधलेली पेटती चिंधी भोकाशी नेली. भडाम! डबा शेवग्याच्या वर उडाला. कावळे ओरडत सुटले.

दुर्गाबाई बांधावरच बसली. "एवढासाच खडा होता?"

"हाव. घरात तं अख्खा डबा वल्ला झाला व्हता."

ती उठून घरी आली. माणिकबाई मेथी निवडत होती. तिचा हात ओढून म्हातारीनं चावल्याचा वण पाहिला, तेल कोमट केलं, हळद कालवली.

"लय जोरात चावली का वं मी?"

"नाही जी."

"खोटं नको बोलू. दात माह्येच हायेत."

तेव्हापासून हुकूम दुर्गाबाईचा. खड्यांचा डबा घराबाहेर, उंच ओट्यावर, पालथ्या माठाखाली. लसूण मळ्यातल्या खोपीत. "आता घरात लसनाचा वास आला का समजा, गॅसच हाय." बत्ती दिवसाउजेडी अंगणात भरायची, आणि तोवर ती काठी घेऊन राखणीला बसायची. तिच्या भीतीनं नत्थुजी बिडी घेऊन गल्लीतून जाईनासे झाले.

पुढं पुढं ती बाजारातही येऊन बसू लागली. बाजार उठल्यावर पाण्याचा पेच बंद केला तरी आतला गॅस लगेच संपत नसे. तेवढ्या उजेडात दोघी मोर्णेच्या काठानं घरी यायच्या. उरलेला पेरू फोडून खायच्या. दुर्गाबाई दर्यापूरकडच्या आपल्या माहेराचं सांगायची. आधी कधीच न सांगितलेलं. तिथली काळी माती पायाला कशी चिकटायची, भाऊ खांद्यावर बसवून कसा न्यायचा.

बाजारात विजेचे दिवे आले तोवर म्हातारी गेली होती. बत्ती कुठं गेली, हे माणिकबाईला सांगता येत नसे. पण ती वाट तिला खूप आठवायची. ज्योत बारीक होत चाललेली, आणि सासू म्हणायची, "हळू चाल वं माय, माह्यी गोष्ट अजून बाकी हाय."