हात लावायचा तो पुसायला

जुन्या गाडीला नवीन करण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या फरीदाबादेत नाही. माझ्या बापाची गाडी मी इतकी नवीन केली, की शेवटी ती भंगारात द्यावी लागली.

माझं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, म्युझिक सिस्टीम, पायाशी लागणारी निळी लाइट, डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा. कंपनीतून गाडी येते ती उघडीनागडी, अंगभर कपडे तिला माझ्याकडे मिळतात, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. शिक्षण सातवी. आठवीत गेलो होतो, पण बघून परत आलो.

बाबांचा मामला वेगळा. बाबा सरकारी ड्रायव्हर. साताऱ्याकडून तरुणपणी दिल्लीला आले, एका मंत्रालयात चिकटले आणि हातात कोरी करकरीत पांढरी अँबेसेडर पडली. पुढच्या वर्षी लग्न झालं. म्हणजे गाडी आईपेक्षा सीनियर. मी तर फारच नंतरची भरती. साहेब बदलत गेले, गाडी तीच, ड्रायव्हर तोच. मग ऑफिसनं गाडी कंडम ठरवून लिलावात काढली, तर ती बाबांनीच घेतली. आई म्हणाली, "आतापर्यंत सवत ऑफिसात होती, आता घरात आली." आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. सवत टिकली.

गाडीच्या बाबतीत बाबांचा कायदा एका ओळीचा. हात लावायचा तो पुसायला. रोज सकाळी पिवळं फडकं घेऊन बोनेटपासून सुरू करायचे आणि डिकीपर्यंत एकाच दिशेनं जायचे. काही बिघडलं तर जे बिघडलं तेवढंच करायचं, आणि पार्ट टाकायचा तो तसाच, तोच. डाव्या मडगार्डला एक पोचा होता. मंत्रालयाच्या भिंतीवरून एका माकडानं थेट गाडीवर उडी मारली होती, त्याचा. तो काढून देतो म्हणालो तर म्हणाले, "राहू दे. तिच्या नोकरीतला आहे तो."

हॉर्न तरी बदलू का विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या हाताला खाज आहे. ती दुकानात खाजव."

चाळीस गिऱ्हाइकं 'वाह उस्ताद' म्हणत असतील, पण घरच्या माणसानं माझ्या कामाला कधी 'बरं आहे' पण म्हटलं नाही. हे मी सहज सांगतोय. मनात काही नाही. नसतं तर इतकं सगळं झालं नसतं, असं बायको म्हणते, पण तिला बोलायची सवयच आहे.

मग दिल्लीत आणि आजूबाजूला नियम आला. पेट्रोल गाडी पंधरा वर्षांच्या वर गेली की रस्त्यावर आणायची नाही, दिसली तर उचलणार. आमची बाई तर पंधराच्या कधीच पुढे गेलेली. अंगणात कव्हर घालून उभी केली. बाबांनी पुसायचं सोडलं नाही. रोज कव्हर काढायचं, पुसायची, स्टार्ट करायची, डोळे मिटून इंजिन ऐकायचं, बंद करायची, परत कव्हर. शेजारचे सरदारजी म्हणायचे, "बाऊजी, ये पूजा है कि सर्व्हिस?"

बाबांची एकच इच्छा राहिली होती. मंत्रालयाच्या ज्या भवनाच्या गेटवर उभी नोकरी काढली, तिथपर्यंत एकदा ती गाडी स्वतः चालवत न्यायची. आत सोडलं नाही तरी चालेल. गेटवरून वळवून आणायची.

आमच्या मंडळाच्या गणपतीत गुडगावचे एक साहेब येतात. मूळ पुण्याचे, आयटीत मोठ्या पोस्टवर, त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी गाडी. त्यांनी बाबांना सांगितलं, "काका, गाडी पन्नास वर्षांची झाली ना, की तिला विंटेजचं वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं. मग कोणी उचलत नाही. रोज नाही वापरता येत, पण रॅलीला, प्रदर्शनाला बिल्कुल काढता येते. आणि दर वर्षी एक रॅली तुमच्या त्याच गेटसमोरून जाते."

बाबांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली. "पन्नास? पुढच्या हिवाळ्यात होतात."

"मग झालंच की! मी फॉर्म भरतो. फक्त एक करा. गाडीला काहीही करू नका. जशी आहे तशी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही तर अजिबातच नाही."

सगळे हसले. सगळ्यात जोरात मी हसलो. आपल्यावर लोक हसत असताना आपणच पहिला नंबर लावावा, म्हणजे कमी लागतं.

हिवाळ्यात पन्नास भरली, फॉर्म गेला. तपासणीची तारीख आली. पण त्याच्या आधी बाबांचा गुडघा गेला. ताई नाशिकला असते, तिनं ऑपरेशनसाठी तिकडेच बोलावून घेतलं. निघताना त्यांनी पिवळं फडकं माझ्या हातात दिलं, एखाद्यानं घरच्या तिजोरीची किल्ली द्यावी तसं. "रोज पूस. रोज स्टार्ट कर. बाकी काही नाही. ऐकतोयस?"

"ऐकतोय बाबा."

ऐकलं मी. पहिला आठवडा रोज पुसली. पण रोज पुसली म्हणजे रोज जवळून बघितली. रंग पिवळट पडलेला. सीटच्या शिवणी उसवलेल्या. स्टार्ट केली की भसकन धूर. मला वाटलं, ही अशी तपासणीला जाणार? साहेब लोक नाकाला रुमाल लावतील. मुलगी बघायला पाहुणे येणार असले, तर तिला कोणी मळक्या साडीत बसवतं का? गुडगावचे साहेब म्हणाले होते 'काही करू नका', पण त्यांचं काय, ते पैसेवाले. त्यांना हातानं काही करता येत नाही, म्हणून ते 'काही करू नका' म्हणतात. माझ्याकडे कला आहे. कला असताना गप्प बसणं म्हणजे पाप, असं मी बायकोला सांगितलं.

बायको म्हणाली, "अहो, बाबांना फोन करून विचारा."

"सरप्राइज कोणी विचारून देतं का?"

सुरुवात सीटपासून केली. सीट नव्या झाल्या तर रंग जुना दिसायला लागला. रंग केला, मरून आणि क्रीम, दोन शेडमध्ये. त्यासाठी माकडाचा पोचा लांबी-पुट्टी भरून सपाट केला. रंग झाल्यावर आत एसी नसणं बरं दिसेना. एसी जुन्या इंजिनला ओढवेना, तर इंजिनच बदललं. माझा एक मेकॅनिक यार आहे, त्यानं मायापुरीच्या भंगार बाजारातून एका अलीकडच्या गाडीचं इंजिन आणलं, आणि आपलं जुनं तिथंच बदल्यात देऊन टाकलं. नवं इंजिन बसवायला बॉडी थोडी कापली, त्याबरोबर गिअर स्टिअरिंगवरून खाली आला. काचा बटणावर गेल्या. एकातून एक निघत गेलं. धूर मात्र पार बंद झाला. चालू आहे की बंद, ते कळायचंच नाही. मी त्या गाडीभोवती फिरायचो आणि मनातल्या मनात बाबांच्या आवाजात 'बरं आहे' म्हणून बघायचो. जमायचं नाही. त्यांचा तो सूर मी कधी ऐकलाच नव्हता.

बाबा तपासणीच्या आदल्या दिवशी आले. स्टेशनवरून ऑटोनं. काठी टेकत फाटकातून आत आले, गाडीकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि बायकोला हळूच विचारलं, "पाहुणे आलेत का?"

बायकोनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"अगं, कोणाची गाडी आहे? आपली कुठं लावली?"

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "ओळखली नाही ना! बाबा, ओळखली नाही ना!" मला ती शाबासकी वाटली. असा माणूस मी.

बाबा गाडीजवळ गेले. डाव्या मडगार्डवरून हात फिरवला, जिथं पोचा होता तिथं. पुन्हा फिरवला. दार उघडून बसले. डावा हात स्टिअरिंगच्या बाजूला गिअर शोधायला गेला, तो हवेतच राहिला. मी खिडकीतून वाकून म्हणालो, "खाली आहे बाबा, खाली. पाच गिअर. आणि हे बटण दाबा, काच आपोआप." मीच हात घालून बटण दाबलं. काच वर आली आणि माझी मान अडकली.

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूनं उतरले आणि घरात गेले. बायकोनं येऊन बटण दाबलं, मला सोडवलं. म्हणाली, "आत जाऊन बघा. रडतायत ते."

"खुशीनं," मी म्हणालो. तेव्हा तर माझी खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मैदानावर गुडगावचे साहेब आधीच पोचले होते. आम्हाला उतरताना बघितलं, आणि बिचाऱ्यांनी हातातला चहा नुसता धरून ठेवला. प्यायले नाहीत, टाकला नाही. "तुम्ही हे... का?" एवढंच म्हणाले.

तपासणारे अधिकारी सभ्य होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेट उघडायला सांगितलं, आत बघितलं आणि हातातल्या आरसीवर बघितलं.

"ये इंजन किसका है?"

"अपना ही है साहब," मी म्हणालो.

"नंबर तो नहीं मिल रहा."

"नया है न साहब. देखिए, धुआँ बिल्कुल नहीं."

त्यांनी चष्मा काढला. "भाई साहब, हम पचास साल पुरानी गाड़ी देखने आए हैं। इसमें पचास साल पुराना क्या है?"

"हमारे पिताजी को छोड़ के?" मी विचारलं. कोणी हसलं नाही. साहेब नाहीत, बाबा नाहीत. पहिल्यांदाच असं झालं, की मी नंबर लावला आणि मागं रांगच नाही.

अधिकाऱ्यांनी बाबांना खुर्ची दिली आणि त्यांनाच समजावून सांगितलं. इंजिन वेगळं, बॉडी कापलेली, हे विंटेजमध्ये बसत नाही. आणि विंटेजमध्ये नाही, म्हणजे ती नुसतीच जुनी गाडी. ज्या इंजिनची नोंद नाही, त्याच्यावर ती दुसऱ्या राज्यात नेऊन चालवायची परवानगीही मिळणार नाही. स्क्रॅप. बाबा मान हलवत होते. सरकारी माणूस सरकारी माणसाचं ऐकतो तशी.

निघताना अधिकाऱ्यांचा ड्रायव्हर माझ्या मागं आला. "उस्ताद, एसी बढ़िया फिट किया है. मेरी में भी करवा दो. कार्ड है?"

मी खिशातून कार्ड काढून दिलं. बाबांच्या समोर. हात आपोआप गेला.

जुनं इंजिन परत आणू म्हणून मी मायापुरीला पळालो. लोखंडाच्या डोंगरातून वाट काढत त्या भंगारवाल्यापर्यंत गेलो. तो पान खात होता. "वो इंजन? वो तो कब का गल गया भाई. सरिया बन गया होगा. किसी के लेंटर में पड़ा होगा."

म्हणजे फरीदाबादेत कुठल्या तरी नव्या घराचा स्लॅब बाबांच्या इंजिनाच्या सळ्यांवर उभा असेल. त्या घराला धूर नसेल.

गाडी न्यायला मानेसरकडच्या स्क्रॅप यार्डाचा क्रेनवाला आला, त्या सकाळी बाबा लवकर उठले. पिवळं फडकं घेतलं, बोनेटपासून सुरू केलं. गुडघा वाकत नव्हता तरी चाकांच्या वाट्यासुद्धा पुसल्या. क्रेनवाला घड्याळ बघत होता.

मी म्हणालो, "बाबा, आता कशाला? ते तर दाबून चौकोन करणार."

"मळकी गाडी जमा करत नाहीत," बाबा म्हणाले.

क्रेननं पुढची चाकं उचलली. मरून-क्रीम चकाकत होतं. गल्लीतली पोरं मोबाइल काढून फोटो घेत होती, सरदारजी हात जोडून उभे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी बाबा फडक्याची घडी करत तिथंच. मला ती शांतता सोसेना. मला कुठलीच सोसत नाही.

"बाबा," मी म्हणालो, "काही म्हणा, पण गेली मोठ्या थाटात. नवरीसारखी सजून गेली."

बाबांनी फडकं माझ्या खांद्यावर टाकलं.

"मी मेलो की मला आंघोळ घाल तेवढी," ते म्हणाले. "बाकी काही सुधारायला जाऊ नकोस."