उंदराला दिलेला दात

माझ्या हाताला सवय फार. तीच नडली.

लेक आठ वर्षांची. हातपंपाच्या दांड्याला लोंबकळत होती. दांडा उसळला आणि समोरचा वरचा दात घेऊन गेला. रडत रडत तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. मी ओलं फडकं दाबून रक्त थांबवलं. आमच्याकडे पडलेला दात पत्र्यावर टाकतात आणि उंदराला सांगतात, जुना घे, नवा दे. तिचे असे चार टाकले होते. हा पाचवा, दिला भिरकावून.

सासूबाई शेतातून आल्या. नातीचं तोंड उघडून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"अगं, ह्यो दुधाचा न्हाई. ह्यो तर मागल्या साली आल्ता. आता उंदीर कुठनं देनार?"

एरवी कुणाचं काही चुकलं की मी घर डोक्यावर घेते, आज चूक माझीच होती. कोपरगावच्या दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दात शोधा, मुळाला हात लावू नका, चोळू नका, दुधात बुडवून लगेच या. वाळला तर धरणार नाही.

ऊन मी मी म्हणत होतं. पदर खोचून शिडी चढले, तर पत्र्यावर जुन्या साडीवर सकाळीच घातलेल्या कुरडया. पांढऱ्यात पांढरा दात शोधायचा, घ्या! खालून सासूबाई म्हणाल्या, कुरडया मोडल्या तरी चालतील, पोरीचा दात बघ. म्हणून दिसेल ती उलथत गेले. कडेच्या एका जाड कुरडईत तो रुतून बसला होता. कुरडई आतून अजून ओली होती. चावायच्या टोकाला धरून उचलला आणि दुधाच्या डब्यात सोडला.

स्कूटीवर लेक मध्ये, डबा सासूबाईंच्या मांडीवर. डॉक्टरांनी दात धुऊन जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला. म्हणाले, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मध्ये मऊ तंतूंचं पातळ अस्तर असतं, ते इकडे दाताला आणि तिकडे हाडाला धरून असतं. मुळावरचे तंतू जिवंत असले तर पुन्हा जुळतात. ओल्या कुरडईनं वाचवलं म्हणायचं, असं म्हणून हसले. मला काही हसू आलं नाही.

दोन आठवडे तिला मऊ भात आणि मला घास गिळवेना. तार काढली तेव्हा डॉक्टरांनी बोटानं दात हलवून पाहिला.

"धरलाय," ते म्हणाले.

मी तिथल्याच बाकावर बसून रडले. लाज वाटली नाही. सुटले बाई एकदाची!

परवा लेकीची दुधाची दाढ पडली. सवयीनं मी हात पुढे केला. तिनं मूठ घट्ट मिटली.

"तू नको, आई. आजी आधी बघंल, मग टाकंल."