चौथ्या प्रश्नापुढचं ‘नाही’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ती आधी हॉलमधल्या शोकेसकडे बघेल, मग माझ्याकडे, आणि कुकर लावायला आत जाईल — ते मला सोसणार नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

शोकेसमध्ये तीन कप आहेत. तिन्हींवर एकच मजकूर — एअर रायफल, हौशी गट, प्रथम क्रमांक. हौशी! या एका शब्दाने माझं डोकं उठवलंय.

आमचा नेमबाजीचा क्लब म्हणजे म्हैसूरबाहेर, बोगादीच्या पुढची एक पत्र्याची शेड. निवृत्त बँकवाले, मास्तर, माझ्यासारखे विमा कचेरीतले कारकून. इथून कोण ऑलिंपिकला जाणार आहे? पण नियमांचा थाट बघा — फॉर्म तीन प्रतींत, आणि त्यातला चौथा प्रश्न असा, की नेमबाजी शिकवून कधी मोबदला घेतला आहे का? घेतला असेल तर तुम्ही हौशी नाही. मग व्यावसायिक गटात जा आणि राज्य गाजवलेल्या विशीतल्या नेमबाजांसमोर उभे राहा.

तो फॉर्मही नुसता देऊन चालत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सगळ्यांच्या रायफली सतरंजीवर ओळीने मांडायच्या, कुंकू लावायचं, आणि भरलेला फॉर्म आपापल्या रायफलीखाली ठेवायचा. कोहळा फुटला की सेक्रेटरी फॉर्म गोळा करतात. पूजेतला फॉर्म म्हणजे शपथ, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात.

विश्वनाथ मोहिते माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या दोघांचेही पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते. हे तो कुणाला सांगत नाही, मी सगळ्यांना सांगतो. नेम त्याचा चांगला. दरवर्षी तो पहिला, मी दुसरा — आणि पेढे घेऊन यायचा तो माझ्याच घरी. अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडायचो.

कुवेंपुनगरातल्या एका शाळेच्या उन्हाळी शिबिरात आम्ही दोघांनी दोन वर्षं नेमबाजी शिकवली. शेवटच्या दिवशी दोघांना मानधनाचं एकेक पाकीट मिळालं. दोघांनी घेतलं. मी तर त्याच्या आधी हात पुढे केला होता.

त्या वर्षी आयुधपूजेला आम्ही शेजारी बसून फॉर्म भरत होतो. त्याने चौथ्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलेलं मला दिसलं. त्या क्षणी मला काय वाटलं असेल? मित्राची काळजी? नाही. बरं वाटलं. हा आता हौशी गटातून जाणार, एवढंच डोक्यात आलं. मग मी माझ्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, कागद रायफलीखाली सारला आणि हात जोडले.

इथवर असतं, तरी एक वेळ तुम्ही सोडून दिलं असतं. पण कुणीतरी सेक्रेटरींना सांगितलं, की शिबिरात यशवंतरावही — म्हणजे मी — होते. आठवड्याने त्यांनी दोघांना बोलावलं. “निजा हेळी,” मला म्हणाले. खरं सांगा.

मी म्हणालो, मी नुसता सोबतीला जात होतो.

विश्वनाथ शेजारच्याच खुर्चीत होता. सेक्रेटरींनी त्याच्याकडे पाहिलं. स्वतःसाठी एक शब्द खोटा न लिहिणारा हा माणूस — चष्मा पुसत म्हणाला, “हो सार. नुसता सोबतीला यायचा.”

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो. “बिडो यशवंता,” तो म्हणाला, “सोड. मला कुठं कप पाहिजे.” आणि स्कूटर चालू केली. मला राग आला — त्याच्या खरेपणाचा, त्याच्या चष्म्याचा, त्या भिकार नियमाचा. सगळ्यांचा आला, फक्त माझा सोडून. तो यायला फार वेळ लागला.

व्यावसायिक गटात तो एकदाच उतरला. शेवटून पहिला आला. निकालाच्या फळ्यापुढे बराच वेळ उभा होता, मी लांबून पाहत होतो. नंतर तो क्लबात आला नाही. पुढच्या दसऱ्याच्या आधी आपली रायफल घेऊन माझ्या घरी आला. म्हणाला, पडून गंजेल, तुझी जुनी झालीय, तू वापर. मी घेतली. तिन्ही कप त्याच रायफलीचे आहेत.

अजून दरवर्षी तो आयुधपूजेला सकाळी घरी येतो, रायफलीला स्वतः कुंकू लावतो आणि मला म्हणतो, “जा, नीट मार.” दस्त्याच्या लाकडात ते कुंकू मुरलंय. मी पुसतो, जात नाही. त्याला सगळं ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं कॉफी पितो.

यंदाही तो आला होता, परवाच. तो गेल्यावर मी फॉर्म काढला. नियम तोच, प्रश्न चौथाच. पेनाचं टोपण काढलं. मग तिन्ही प्रतींवर ‘नाही’ लिहिलं आणि क्लबात जाऊन फॉर्म विश्वनाथच्या रायफलीखाली ठेवून आलो.