मार्गोपासून किती फूट

मार्गो क्लीव्हलंडहून आमच्या खोऱ्यात आली ती विजेला कंटाळून. आमच्याकडे ती आभाळ ऐकणारी अवाढव्य दुर्बीण आहे, तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून मोबाईलला बंदी; तिच्या कृपेने इथे मोबाईल वाजत नाहीत. म्हणून विजेने डोकं उठणारी माणसं अधूनमधून येतात. पण मार्गोचं सगळं टोकाचं. तिने घराला येणारी तारच कापून घेतली. स्वयंपाक लाकडावर, दिवा रॉकेलचा, लोणी झऱ्याच्या पाण्यात. फाटकाला बादली टांगलेली; येणाऱ्याने घड्याळ, गाडीची किल्ली त्यात टाकायची आणि मगच आत यायचं. एकदा पाद्रीबाबा खिशात टॉर्च घेऊन आत गेले, तर तिने कपाळ धरून त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. टॉर्चमध्ये सेल नव्हते, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं. तिला कोणी सांगितलं नाही.

मी बर्ल, तिचा शेजारी. बायको गेल्यापासून दर रविवारी मार्गोकडे कुट्टूची धिरडी खायची आणि डॉमिनो खेळायचे, एवढाच माझा सण. बाई खेळात सरळसरळ लबाडी करते.

गेल्या पानगळीत डॉक्टरांनी माझ्या छातीत पेसमेकर बसवला. आता हा बादलीत कसा टाकणार? मी मूग गिळून बसलो. पाच महिने बसलो. मार्गोला काही झालं नाही.

मग रानलसूण निघायच्या दिवसांत तव्यावर बटाटे परतता परतता ती म्हणाली, "बर्ल, तू असलास की माझं डोकं शांत राहतं. इकडेच राहायला ये की."

आता लपवणं म्हणजे हरामखोरीच. मी सांगून टाकलं.

ती भिंतीला टेकली. "बॅटरीवर चालतो?"

"हो."

"आणि तू माझी धिरडी खात होतास!"

"चांगली होती म्हणून."

"उठ. खुर्ची घेऊन मागे हो. आणखी. दारात जा."

मी दारात गेलो. ती कपाळावर बोटं दाबून अंदाज घेत होती. मग ओसरीवर. मग कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. शेवटी खुर्ची डोक्यावर घेऊन मी थेट फाटकापाशी. सत्तरीत ही वरात! रस्त्यावरून गावातला डेन्झिल गाडीतून चालला होता, तो ओरडला, "हाकललं का रे?" मला रडू यायचं बाकी होतं.

"दुखतंय का?" मी तिथून ओरडलो.

"काय?"

"डोकं! दुखतंय का?"

"थांब, बघते!" पुष्कळ वेळ गेला. बटाटे करपल्याचा वास फाटकापर्यंत आला. "आता दुखायला लागलं!"

मी खाली बघितलं. "मग जातो मी."

"अरे गाढवा, ओरडून ओरडून दुखतंय! ये आत!"