उद्या म्हणजे नक्की कधी

“मॅडम, बस रिकामी आली की हो. उस्मानपुऱ्यात माणसं हात करत राहिली अन् ड्रायव्हर थांबलाच नाय. ॲपमधी तिथं कुणीच नाय, म्हणतो.”

फोनवर जाधवसाहेब होते, बिडकीनजवळच्या एका कारखान्याचे ट्रान्सपोर्ट ऑफिसर. त्यांच्या कामगारांच्या बसचं ॲप आम्ही आदल्याच दिवशी रिलीज केलं होतं, म्हणजे वापरायला दिलं होतं. कामगारानं रात्री ‘उद्या येणार’ हे बटण दाबायचं. ज्या स्टॉपवर कोणी नाही, तिथं बस थांबणार नाही. टीममध्ये टेस्टर मी एकटीच. प्रोग्राम कुठं चुकतो ते शोधायचं, हे माझं काम.

फोन ठेवते तोच आमचे मॅनेजर जोशीसर खुर्चीमागं उभे.

“टेस्टिंग केलं नव्हतं?”

“केलं होतं सर. बटण दाबलं, यादीत नाव आलं.”

ॲप लिहिणारा नदीम शेजारीच होता. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, “अपना कोड बरोबर है. रिक्वायरमेंट में ‘उद्या’ लिखेले थे, मैं उद्या बताया.”

रिक्वायरमेंट म्हणजे क्लायंटला काय हवं, त्याचं टिपण. ते सरांनी लिहिलं होतं. सर पाणी प्यायला गेले.

ते परतल्यावर आम्ही तिघं प्रथमच एका स्क्रीनसमोर बसलो. ड्रायव्हर यादी पहाटे उघडायचा. तोवर तारीख बदललेली, त्यामुळे ॲप ‘उद्या’ म्हणून आणखी पुढच्या दिवसाची यादी दाखवायचं, आणि ती रिकामीच. मी दुपारी बटण दाबून दुपारीच यादी पाहिली होती. नदीमनं तेवढंही पाहिलं नव्हतं, कारण ते टेस्टरचं काम. आणि ड्रायव्हर यादी कधी बघतो, हे सरांनी विचारलंच नव्हतं.

दुरुस्ती लहानशी निघाली. जाधवसाहेबांना कळवलं.

“झालं म्हणता? मग उद्या तुमीच बसा बसमधी. तिघंबी. पुन्हा माणसं राहिली, तर ॲप बंद.”

पहाटे आम्ही उस्मानपुऱ्याच्या स्टॉपवर. एका कामगारानं विचारलं, “ते ॲप तुमीच केलं व्हय?”

सर आमच्याकडं हात करून म्हणाले, “टीमनं केलंय.”

लांबून बस दिसली. नदीम तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. बस हळू झाली आणि थांबली. चढल्यावर नदीमनं ड्रायव्हरचा मोबाइल मागून पाहिला. “अक्षरं लई बारीक हैं,” तो स्वतःशीच म्हणाला.

आता नदीम आधी स्वतः चालवून बघतो, मगच माझ्याकडं देतो. क्लायंटच्या मीटिंगला मीही जाते. क्वालिटी कोणाची जबाबदारी, यावर सरांनी पुढं लांबलचक प्रेझेंटेशन दिलं. मला विचाराल, तर उत्तर एका ओळीचं आहे. पहाटे स्टॉपवर उभं राहायला ज्यांना ज्यांना बोलावतील, त्या सगळ्यांची.