रस्त्याकडची हळद

नागपूरहून परत आलो, तर हळदीच्या अर्ध्या प्लॉटवरचा पाला गायब. उघडी माती आणि तिच्यात लव्हाळ्याची हिरवी पाती.

राज्यांची पुनर्रचना होऊन आमचं खातं भोपाळला आलं, तेव्हाची ही गोष्ट. मी कृषी सहायक. पत्नीच्या वर्षश्राद्धासाठी रजेवर गेलो होतो. प्लॉटमधलं बेणं, म्हणजे लावणीचे गड्डे, तिच्या माहेरचं. तिकडे आता हळद करणारं कुणी उरलं नव्हतं. इथे हळद ठेवायची की जागा गव्हाला द्यायची, हे काढणीवर ठरणार होतं.

हळद लावली की वर पळसाचा पाला अंथरतात. ऊन न मिळाल्याने तण दबतं, ओलही टिकते.

खुरपणीच्या बायकांची मुकादम रामकलीबाई म्हणाली, "साहब ने खुद खडे होकर साफ करवाया, बाबूजी. बोले, इतना कचरा?"

"और उधर का आधा?"

"उधर का सडक से दिखता कहां है!"

आमचे साहेब ग्वाल्हेरचे मराठी. त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, तो कचरा नव्हता. तण दाबायला घातला होता."

"देशपांडे, या सडकेवरून मंत्री जातात. पाला पुन्हा नको. तण उपटा ना!"

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असतात. पात उपटली की गाठ पुन्हा फुटते. त्यात बायकांना नव्या बंगल्यांच्या बागांवर पाठवलं. ऑफिस सुटल्यावर मी एकटाच खुरपं घेऊन बसायचो. घरी जायची घाई नव्हती. तरी लव्हाळा माझ्या पुढेच राहिला.

पानं वाळली. काढणीला डायरेक्टर आले. दोन्हीकडे खणलं. पाल्याखालचे गड्डे मुठीएवढे, रस्त्याकडचे बोटाएवढे.

"एवढा फरक कसा?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच साहेब पुढे झाले. "सर, एक बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती. तुलनेसाठी."

"उत्तम! पुढच्या वर्षी मोठा प्लॉट घ्या."

रामकलीबाईने तोंडाला पदर लावला. मलाही हसू आलं, बऱ्याच महिन्यांनी. संध्याकाळी क्वार्टरचं कुलूप काढताना हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. चहा केला, एकट्यापुरता.

प्रयोगात तुलनेसाठी एक तुकडा उघडा ठेवावाच लागतो. पुढच्या वर्षी तो मी आठवणीने ठेवला. रस्त्याकडेलाच, साहेबांच्या सोयीसाठी.